घरचं बेकिंग: तुमच्याकडे खरोखर उघडलं जाणारं पुस्तक कोणतं?

निशिगंध

घरात बेकिंगची पुस्तकं भरपूर झाली आहेत. काही हौसेने घेतलेली, काही भेट आलेली, एक सासूबाईंचं, ज्याची शिवण सुटून पानं वेगळी झाली आहेत. कपाट आवरताना जाणवलं की यातली बहुतेक पुस्तकं आम्ही सोफ्यावर बसून नुसती बघतो. प्रत्यक्ष मैदा बाहेर काढला की लेक फोन उघडते, नवरा "त्या निळ्या पुस्तकातला कर ना" म्हणून लुडबुड करतो आणि शेवटी होतो तो माझ्या वहीतला केक.

तर प्रश्न असा: तुमच्या घरी एखादं पुस्तक ओट्यावर येतं का? येत असेल तर का येतं? नाव नाही सांगितलंत तरी चालेल, पण त्यात असं काय आहे की घरातल्या दोघा-तिघांना त्यातून करता येतं, ते सांगा. मला कपाट अर्धं करायचं आहे आणि लेकीच्या (वय १२) हाती एक धड पुस्तक द्यायचं आहे. घरात एक जण अंडं खात नाही, हेही लक्षात घ्या.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या पुस्तकात मापं ग्रॅममध्ये नाहीत ते माझ्या लेखी चित्रांचं पुस्तक. आता हाणा.

भोचक

पहिला! 

वहीतला केक उरलाय का, एवढंच विचारायला आलो होतो.

काकू_ऑनलाइन

निशिगंध, ग्रॅमचं एवढं काय गं? माझं अख्खं आयुष्य वाटी-चमच्यावर गेलं. केक फुगतात, बिस्किटं खुसखुशीत होतात, नातवंडं डबा चाटूनपुसून परत करतात. वाटी कुठलीही घे, फक्त सगळं त्याच वाटीने मोज. शेवटी सगळा खेळ प्रमाणाचा आहे.

आणि वजनकाट्याचा सेल ऐन वेळी संपतो. वाटीचा संपत नाही.

अनामिक बल्लव

काकूंना +१. शेवटच्या वाक्याला +१००.

कोष्टक

काकू, तुमचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. मैदा, साखर, दूध, तेल एकाच वाटीने घेतलं तर त्यांचं आपसातलं प्रमाण टिकतं. पण अंडं वाटीच्या मापाने येत नाही, सोडा चमच्याने पडतो आणि भांड्याचा आकार ठरलेला असतो. वाटी मोठी झाली की या तिघांशी तिचं जमत नाही.

दुसरी अडचण पुस्तकाची आहे. "एक कप" म्हणजे कुणाचा कप? अमेरिकन कप सुमारे २३७ मिलि, मेट्रिक कप २५०, जपानी कप २००. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलि, पण ऑस्ट्रेलियन पुस्तकात २०. म्हणजे ऑस्ट्रेलियन लेखिकेने तीन टेबलस्पून लिहिलेत आणि तुम्ही आपल्या चमच्याने तीन घातलेत, तर एक अख्खा चमचा कमी पडला. कोको असेल तर फार बिघडत नाही, बेकिंग पावडर असेल तर बिघडतं.

तिसरी गोष्ट, मैदा स्वतःच. चमच्याने अलगद कपात भरून वरून सुरी फिरवली तर साधारण १२० ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून काढला तर १५० च्या आसपास जातो. एकच घर, एकच कप, पण आईने भरला आणि मुलाने भरला यात पाव कप मैद्याचा फरक. मग आईचा केक हलका आणि मुलाचा वीट. वर मुलालाच बोलणी.

काकू_ऑनलाइन

कोष्टक, आमच्याकडे मैदा मीच भरते. इतरांना हात लावू देत नाही. प्रश्न मिटला.

भोचक

काकूंनी प्रमाणीकरणाचा सर्वात जुना उपाय सांगितला आहे: एकाधिकारशाही.

पाचवा कोपरा

काकू आणि कोष्टक, दोघांनाही पटेल असा एक मार्ग आहे आणि तो बराच जुना आहे. अंडी सालासकट काट्यावर ठेवायची. जे वजन भरेल तेवढंच लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा. चौघांचा समान वाटा. इंग्लंडात पूर्वी प्रत्येकी एक पौंड घेत, त्यावरूनच त्याला 'पौंड केक' हे नाव पडलं. पारड्यांचा तराजू असेल तर वजनंसुद्धा लागत नाहीत: एका पारड्यात अंडी, दुसऱ्यात पाळीपाळीने बाकीचं. आकडा कुठेच नाही आणि तरी माप अचूक.

अंडी लहान-मोठी असली तरी फरक पडत नाही हा मोठा फायदा. पुस्तकात नुसतं "३ अंडी" लिहितात. अमेरिकन मोठं अंडं सालासकट ५७ ग्रॅमच्या आसपास, ब्रिटिश मोठं ६३ ते ७३. दोन्ही "मोठंच".

माझ्याकडे ओट्यावर येणारं पुस्तक असं आहे की त्यात एकही फोटो नाही. पदार्थाचं नाव, मापं, चार ओळी कृती, बस. मला त्याहून जास्त बडबड नको असते.

रानवारा

विषय आवडीचा निघाला, म्हणून जरा लांबण लावतो.

पाककृतीच्या वर किंवा खाली जिन्नसांची स्वतंत्र यादी असावी, ही आज आपण गृहीत धरतो ती गोष्ट फार जुनी नाही. आधीच्या पुस्तकांत सगळं एका दमात लिहिलेलं असे. मैदा घ्या, त्यात लोणी घाला, हवं तर अंडी. किती ते वाचणाऱ्याने ओळखायचं. एलायझा अ‍ॅक्टन नावाच्या कवयित्रीने १८४५ साली काढलेल्या पुस्तकात प्रत्येक कृतीच्या शेवटी जिन्नस, त्यांची मापं आणि लागणारा वेळ वेगळा काढून दिला. घरात शिजवणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात असं करणाऱ्यांत ती अगदी पहिल्यांपैकी. पुढे इझाबेला बीटन यांच्या १८६१ च्या ग्रंथात हीच यादी कृतीच्या आधी आली. बीटनबाईंच्या नावाने ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या खपलं, त्यामुळे लोकांच्या डोळ्यांसमोर कुणी पोक्त गृहिणी येते. प्रत्यक्षात त्या १८६५ साली वयाच्या २८ व्या वर्षी गेल्या.

आता काकू विरुद्ध निशिगंध या सामन्याकडे येतो. कप-चमच्याला शिस्त लावली ती फॅनी फार्मर यांनी. बॉस्टनच्या कुकिंग स्कूलच्या त्या मुख्याध्यापिका. त्यांचं पुस्तक १८९६ चं. तोवर अमेरिकन कृतींत "अंड्याएवढं लोणी", "शिगोशीग चमचा" अशी मापं चालत. फार्मरबाईंनी लिहिलं, कप आणि चमचा वरून सपाट केलेलाच धरायचा. प्रकाशकाला पुस्तक खपेल याची खात्री नव्हती, म्हणून ३००० प्रतींची पहिली आवृत्ती बाईंनी स्वतःच्या खर्चाने छापून घेतली. नंतर ते लाखोंनी गेलं.

म्हणजे काकूंची बाजू शास्त्रीय करणारी बाई होऊन गेली आहे. फक्त तिचा आग्रह सपाट मापाचा होता, हे काकूंनी ध्यानात घ्यावं.

काकू_ऑनलाइन

वा रे रानवारा! बाईंनी पदरचे पैसे घालून छापलं हे वाचून बरं वाटलं. मी सपाटच करते रे, सुरीच्या पाठीने. सांगितलं नाही म्हणून काय झालं.

स्वराई

आमच्याकडे मुलं ९ आणि १३. बेकिंग आम्ही तिघं मिळून करतो आणि पुस्तकातूनच करतो, त्यामुळे लेकीसाठी काय बघावं ते सविस्तर लिहिते.

१२ वर्षांच्या मुलीला "लहान मुलांसाठी" म्हणून मिळणारी पुस्तकं देऊ नकोस. त्यात निम्मं पुस्तक आयसिंगचे प्राणी असतात आणि जिथे खरं अडतं तिथे "मोठ्यांची मदत घ्या" असं लिहून मोकळे. तिला मोठ्यांचंच पुस्तक दे, पण पायऱ्यांचे फोटो असलेलं. तयार केकचा चकचकीत फोटो शिकवत काही नाही. लोणी आणि साखर फेटून रंग फिका झाल्यावर ते कसं दिसतं, पीठ घातल्यावर कुठे थांबायचं, ब्रेडचं पीठ मळून ताणलं की किती पातळ पापुद्रा धरतं, हे फोटो असतील तर पैसे वसूल. पाचवा कोपरा यांचं बिनफोटोचं पुस्तक ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी ठीक.

आमची पद्धत अशी. धाकटा कृती मोठ्याने वाचतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काहीही सुरू करायच्या आधी. "रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा" हे सातव्या पायरीला कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मग मोठी काट्यावर भांडं ठेवून शून्य करते, मैदा ओतते, परत शून्य, साखर, परत शून्य. धुवायला एकच भांडं. निशिगंध, मुलांच्या दृष्टीने ग्रॅम सोपं पडतं ते यासाठी. "पाऊण कप" म्हणजे काय हे त्यांना समजवावं लागतं. १८० म्हटलं की विषय संपला.

एक गोष्ट मात्र ठाम: कच्चं मिश्रण चाटू द्यायचं नाही. अंड्याचं सगळ्यांना माहीत असतं, पण कच्चा मैदाही भाजलेला नसतो, त्यातही जंतू असू शकतात. घरात यावरून रोज रडारड.

भोचक

मिश्रण चाटू न देणाऱ्या पालकांविरुद्ध मी स्वतंत्र धागा काढणार आहे. (गंमत करतोय, दिवे घ्या.)

चिंचपट्टी

अंडं न खाणाऱ्यांचा प्रश्न कुणी घेतलाच नाही. मी घेते, कारण आमच्या घरी अंडं येतच नाही.

अंड्याविना बेकिंगची बरीच पुस्तकं अशी असतात की नेहमीच्या कृतीतलं अंडं खोडून "त्याऐवजी दही" लिहिलंय. हे सगळीकडे चालत नाही. अंडं केकमध्ये निदान तीन कामं करतं: बांधून ठेवतं, ओलावा देतं, आणि फेटलेलं असेल तर हवा धरून केक उचलतं. एक-दोन अंड्यांचे मफिन किंवा कुकीज असतील तर पहिली दोन कामं दुसऱ्या कुणालाही देता येतात. जवसाची पूड एक टेबलस्पून आणि पाणी तीन टेबलस्पून, दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की बुळबुळीत होतं, ते एका अंड्याच्या जागी. दही वापरलं तर सोड्याला लागणारी आंबट बाजूही मिळते. पण सहा अंडी फेटून केलेला स्पंज, ज्यात बेकिंग पावडरच नाही, त्यात अंड्याऐवजी काहीतरी घालणारं पुस्तक मी तिथेच मिटते. ती कृती अंड्याचीच आहे, तिच्या वाटेला जाऊ नये.

त्यापेक्षा मुळातच अंडं नसलेल्या कृती शोधा. ही सगळ्यात भरवशाची, लेकीला एकटीने जमेल अशी:

मैदा १९० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कोको २० ग्रॅम, सोडा १ टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, हे सगळं एकत्र चाळायचं. तेल ७५ मिलि, व्हिनेगर १ टेबलस्पून, पाणी २४० मिलि, थोडं व्हॅनिला. ओलं कोरड्यात घालून गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळायचं आणि लगेच ओव्हनमध्ये. २० सेंटिमीटरचा चौकोनी टिन, १८० अंश, ३० ते ३५ मिनिटं. अंडं नाही, लोणी नाही, दूध नाही.

"लगेच" महत्त्वाचं. सोडा आणि व्हिनेगर भेटले की वायू सुटायला लागतो. फोनवर बोलत बसलात तर तो उडून जाईल, केक नाही फुगणार.

रानवारा

चिंचपट्टी, यावरून अवांतर. इंग्लंडात आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्या होता. त्याच्या बायकोला अंडं चालत नसे आणि यीस्टही. म्हणून त्याने आधी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ मध्ये यीस्टशिवाय फुगवणारी बेकिंग पावडर. आज आपण जी चमचाभर घालतो तिच्या मुळाशी घरातल्या एका माणसाचं पथ्य आहे.

चिंचपट्टी

हे आमच्या ह्यांना वाचायला दिलंय. बघू काय शोध लावतात.

अनामिक बल्लव

पुस्तकं वगैरे ठीक, पण मी आयुष्यात सर्वाधिक वेळा केलेली कृती पुस्तकातली नाहीच. ती वर्तमानपत्रातली आहे. जिम लेही या बेकरची न मळायच्या ब्रेडची कृती २००६ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली आणि जगभरच्या आळशांना न्याय मिळाला. ४०० ग्रॅम मैदा, ३०० मिलि पाणी, पाव टीस्पून यीस्ट, सव्वा टीस्पून मीठ. चमच्याने कालवा, झाका, झोपा. १२ ते १८ तासांनी उघडा, एकदा घडी घालून गोळा करा, तासा-दोन तासांनी कडकडीत तापलेल्या झाकणाच्या जाड भांड्यात टाका. २३० अंश, अर्धा तास झाकून, मग झाकण काढून रंग येईपर्यंत.

मळायचं काम वेळ करतो. मी झोपतो.

मूळ कृती कपात होती, निशिगंधताई. तरीही जग तरलं.

मी_नाहीच

नवीन आहे, मध्येच विचारतो. माझा प्रत्येक केक मध्ये डोंगरासारखा वर येतो आणि फुटतो. चव चांगली असते. पुस्तकात याबद्दल काही नाही, व्हिडिओत त्यांचा सपाटच येतो. काय होतंय?

कोष्टक

मी_नाहीच, बहुतेक ओव्हन सांगतो त्यापेक्षा गरम आहे. कडा आधी सेट होतात, मधलं मिश्रण अजून वर येत असतं, त्याला जायला जागा मधूनच उरते. आतला पंखा चालू असेल आणि पुस्तकातलं तापमान साध्या ओव्हनचं असेल, तर २० अंश कमी करायचं. जमल्यास आत टांगायचा साधा थर्मामीटर घ्या. डायलवर १८० आणि आत २०० हा प्रकार घराघरात असतो.

दुसरं कारण टिन. पुस्तकात २३ सेंटिमीटरचा गोल टिन आणि तुम्ही २० चा घेतला, तर "तीनच सेंटिमीटर" वाटतं. पण तळाचं क्षेत्रफळ काढा: २३ चा ४१५ चौरस सेंटिमीटर, २० चा ३१४. म्हणजे मोठ्या टिनचं मिश्रण लहान टिनमध्ये एक तृतीयांश जास्त उंच भरतं. गंमत म्हणजे २० चा चौकोनी टिन ४०० चौरस सेंटिमीटरचा, तो २३ च्या गोल टिनऐवजी खुशाल चालतो.

निशिगंध, पुस्तक निवडायची माझी पहिली परीक्षा हीच. कोणतीही केकची कृती उघडा. टिनचं माप लिहिलेलं नसेल तर ते पुस्तक ठेवू नका. दुसरी परीक्षा, वेळेच्या बरोबरीने खूण दिलीय का. "३५ मिनिटं" एवढंच नको. "मध्ये हलकं दाबलं तर परत वर येतं", "कडा टिनपासून सुटू लागतात", "सळी कोरडी निघते" यातलं काहीतरी हवं. ब्रेड असेल तर आतलं तापमान ९५ अंशांच्या आसपास. लेखिकेचा ओव्हन वेगळा, तुमचा वेगळा. मिनिटं तिच्याकडची, खूण तुमच्याकडची.

मी_नाहीच

पंखा चालूच असतो माझा. धन्यवाद!

भोचक

डोंगर कापून टाका आणि बेकरानेच खायचा असतो. हा मेहनताना आहे. सपाट केक करणारे लोक मला संशयास्पद वाटतात.

निशिगंध

टिनचं क्षेत्रफळ! लेकीला गणितात "वर्तुळाचं क्षेत्रफळ कधी लागणार" हा प्रश्न पडला होता, तिला हा प्रतिसाद दाखवला. ती आता सगळ्या टिनचा व्यास मोजत फिरते आहे.

चिंचपट्टी, कृती वहीत उतरवली. स्वराई, वाचून काढायचं काम आजपासून नवऱ्याला, म्हणजे लुडबुड त्यातच संपेल.

पाचवा कोपरा

स्वराई यांच्याशी थोडा वाद घालतो. फोटोंच्या पुस्तकाचा तोटा असा की माणूस फोटोशी तुलना करत बसतो. तसं दिसलं नाही की हिरमुसतो. शब्दांत लिहिलेली कृती वाचताना आपण हाताकडे बघतो.

आणि हल्लीच्या जाडजूड पुस्तकांत प्रत्येक कृतीआधी दोन पानं रसायनशास्त्र. ग्लुटेन काय, प्रथिनं काय. रविवारी सकाळी मफिन करायचे आहेत, परीक्षेला नाही बसायचं.

कोष्टक

पाचवा, असहमत. "का" कळल्याशिवाय बदल करता येत नाही आणि घरात बदल करावाच लागतो. साखर निम्मी कर म्हणणारे सासरे प्रत्येक घरात असतात. साखर फक्त गोडीसाठी असती तर निम्मी केली असती. ती ओलावा धरते, रंग आणते, केक मऊ ठेवते. थोडी कमी केलेली खपते, निम्म्यावर आणली की कोरडा आणि फिकट. हे ज्या पुस्तकात एका परिच्छेदात सांगितलंय ते मला सासऱ्यांना दाखवता येतं. 

तसंच सोडा आणि बेकिंग पावडर. पावडरमध्ये आम्ल आधीच मिसळलेलं असतं, सोड्याला ते बाहेरून लागतं, आणि सोडा तिच्या तीन-चार पट कडक. घरात पावडर संपली म्हणून तितकाच सोडा घालणाऱ्याला साबणाची चव का आली ते बिनफोटोचं, बिनबडबडीचं पुस्तक सांगत नाही.

पाचवा कोपरा

दोन पानांऐवजी एक परिच्छेद असेल तर मान्य. तह करू.

काकू_ऑनलाइन

तुम्ही सगळे पुस्तक कसं छापलंय ते बघताय. माझ्या दृष्टीने पुस्तकाच्या समासात काय लिहिलंय ते महत्त्वाचं. माझ्या एका पुस्तकात माझ्या आईने शाईने लिहिलंय, "लोणी जास्त होतं". त्याखाली मी पेन्सिलीने, "नाही होत". आता सुनेने चिकट कागद लावलाय: "दोघींचं मधलं घ्या, १०० ग्रॅम". कुणाचं खरं ते अजून ठरलेलं नाही, पण केक तिच्याच मापाने होतो.

तर निशिगंध, सासूबाईंच्या पुस्तकाची पानं सुटली असली तरी ते काढू नकोस हो. आधी समास वाच. आणि नवीन जे घेशील त्यात लेकीला लिहू दे. पुस्तक स्वच्छ ठेवायचा हट्ट धरलास तर ते कपाटातच राहील.

रानवारा

काकू, असं आई-लेकीचं पुस्तक खरोखर छापलं गेलंय. अर्मा रॉम्बावर यांचे पती १९३० साली गेले. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये त्यांनी साठवलेल्या पैशातून ३००० प्रती स्वतः छापून घेतल्या. पुस्तकाचं नाव 'द जॉय ऑफ कुकिंग'. चित्रं त्यांच्या मुलीची, मेरियनची. पुढे मुलगी सहलेखिका झाली, तिच्यानंतर नातू. एकाच पुस्तकात तीन पिढ्यांनी दुरुस्त्या केल्या, आणि जुन्या आवृत्तीवाले नव्या आवृत्तीवर कायम नाराज, हेही अगदी घरच्यासारखंच. जिन्नस यादीत न देता, ज्या पायरीला लागतील तिथेच मध्ये ठळक द्यायचे, ही त्या पुस्तकाची खासियत. काहींना आवडते, मला नाही. मला सगळं आधी ओट्यावर मांडून ठेवायचं असतं.

तीन हजार प्रती आणि पदरचे पैसे, फार्मरबाईंसारखंच. योगायोग.

स्वराई

फोनचा मुद्दा राहिलाच. माझा आक्षेप कृतींवर नाही, चांगल्या कृती तिथे ढिगाने आहेत. पण लोण्याचा हात लागला की पडदा बंद होतो, अंडं फेटताना जाहिरात सुरू होते आणि पुढच्या वेळी तीच कृती सापडत नाही. आमच्याकडे नियम केलाय: फोनवरची कृती एकदा चांगली झाली की ती हाताने वहीत उतरवायची, ग्रॅमसकट. नाही उतरवली तर ती घरची नाही.

भोचक

फोनवरच्या कृतीखालच्या प्रतिक्रिया मात्र पुस्तकात मिळत नाहीत. "मैद्याऐवजी ओट्स घेतले, साखर टाळली, लोणी नव्हतं, ओव्हन बिघडलाय म्हणून कुकरमध्ये केला. अजिबात चांगला झाला नाही. एक तारा." यासाठी मी इंटरनेटचे पैसे भरतो.

अनामिक बल्लव

ती प्रतिक्रिया माझी नाही. मी दोन तारे दिले होते.

निशिगंध

बरं, आता हिशोब. रविवारी लेकीला बसवलं आणि प्रत्येक पुस्तकात साधा चॉकलेट केक उघडायला लावला. टिनचं माप, वजन, खूण आणि ओव्हन पंख्याचा की साधा, या चार गोष्टी तिने बघायच्या. निळं पुस्तक तिनेच बाद केलं. टिनचं माप नाही, खूण नाही, फोटो मात्र दोन पानी. नवऱ्याने क्षीण विरोध नोंदवला आहे.

तिला एक जुनं ब्रिटिश पुस्तक आवडलंय. मापं ग्रॅममध्ये, पायऱ्यांची रेखाटनं, समास रुंद. पण त्यात सगळीकडे "सेल्फ रेझिंग फ्लोअर" आहे. आणि सासूबाईंच्या सुट्या पानांवर ओव्हनचा आकडाच नाही, नुसतं "मध्यम ओव्हन". समासात कुणीतरी "कमी" लिहून खोडलंय. या दोन्हींचं काय करायचं?

कोष्टक

सेल्फ रेझिंग म्हणजे फुगवणारं आधीच मिसळलेलं पीठ. १५० ग्रॅम साध्या मैद्यात २ सपाट टीस्पून बेकिंग पावडर घालून दोनदा चाळा, झालं. जास्त करून डब्यात भरून ठेवलंत तर तारीख लिहा, पावडरचा जोर कमी होत जातो. आणि त्याच कृतीत वर वेगळी बेकिंग पावडर सांगितली असेल तर तीही घालायचीच, ती धरून झाली असं समजू नका.

जुनं "मध्यम" म्हणजे १८० अंशांच्या आसपास, गॅसच्या जुन्या ओव्हनवर ४ नंबर. "मंद" म्हणजे १५०. "कडक" असेल तर २०० च्या वर. पंखा असेल तर प्रत्येकातून २० वजा.

काकू_ऑनलाइन

"कमी" खोडलंय म्हणजे कुणीतरी कमी करून बघितलं आणि जमलं नाही. १८० वरच ठेव. सासूबाई असतील तर विचार की त्यांना, कुणी खोडलं ते!

निशिगंध

विचारलं काकू. म्हणाल्या, लिहिलं त्यांनी आणि खोडलं सासऱ्यांनी. त्यावरून आत अजून चर्चा चालू आहे, मी ओव्हन १८० ला लावून बाहेर आले.

भोचक

केक झाला की डोंगराचा तुकडा माझ्यासाठी राखून ठेवा.